पंखावर कोण आहे?

कुवेतमध्ये आमच्या राईहून विमानतळ तसा जवळच. पण तिथे पोचेपर्यंत माझे हात गार पडतात! मला विमानाची भीती वाटते. हसू नका हं.

रिचर्ड मॅथेसन या अमेरिकन लेखकाने १९६१ मध्ये अशाच एका प्रवाशाची कथा लिहिली. १९६३ मध्ये ती टीव्हीवरही आली. रात्रीची वेळ. विल्सन खिडकीतून बघतो, तर पंखावर माणसासारखं काहीतरी बसलंय! ते इंजिनाचा पत्रा उचकटतंय. विल्सन घाईघाईने एअर होस्टेसला बोलावतो. ती वाकून बघते. पंखावर कुणीच नाही. ती गेली की ते पुन्हा हजर!

विमान हवेत असताना त्याचं वजन पंख पेलतात. ते थोडे वाकतील असेच बनवलेले असतात. हे मला माहीत आहे, तरी पंख हलला की मी खुर्ची घट्ट धरतो.

मला त्या भुतापेक्षा जास्त भीती कशाची वाटली, सांगू? विल्सन खरं बोलतोय, आणि कुणालाच ते पटत नाही. शेवट मी सांगणार नाही.

तुम्ही खरं बोलत होतात आणि कुणी ऐकलं नाही, असं कधी झालंय? आधी आजीला फोनवर सांगा. मग पाच वाक्यं लिहा.