निष्काळजीपणाने झालेला मृत्यू : वारसांना कायद्याने दिलेले मार्ग

घरातील कर्ता माणूस दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे दगावला, तर मागे राहिलेल्यांनी भरपाई कोणाकडे व कोणत्या कायद्याखाली मागावी, हा प्रश्न अनेकदा दैवावर सोपविला जातो. पोलिसांनी गुन्हा नोंदविला की पुढचे सारे न्यायालय पाहील, अशी समजूत असते. ही समजूत कुटुंबाचे मोठे नुकसान करणारी आहे. फौजदारी खटला हा राज्य आणि आरोपी यांच्यामधील असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार हयगयीने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण त्या शिक्षेने विधवेच्या घरात दाणा येत नाही. भरपाईची मागणी वेगळी करावी लागते. आरोपी खटल्यातून सुटला तरी ही मागणी आपोआप बुडत नाही, कारण तेथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागत नाही. कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे, एवढेच पाहिले जाते.

१८५५ चा अधिनियम

इंग्लंडच्या जुन्या विधितत्त्वानुसार माणूस मेला की त्याला झालेल्या इजेबद्दलचा दावाही त्याच्याबरोबर संपत असे. म्हणजे हात मोडणाऱ्याला भरपाई द्यावी लागे आणि जीव घेणारा मोकळा सुटे. हा विपरीत प्रकार तेथे १८४६ मध्ये कायद्याने दूर करण्यात आला व त्याच धर्तीवर आपल्याकडे १८५५ मध्ये प्राणांतिक अपघात अधिनियम करण्यात आला. मृताची पत्नी अथवा पती, आईवडील व मुले यांच्या हितासाठी त्याखाली दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. आईवडील या शब्दात आजीआजोबा, तर मुले या शब्दात नातवंडे व सावत्र मुले येतात. भाऊबहिणी मात्र येत नाहीत. एका मृत्यूबद्दल एकच दावा लावता येत असल्याने सर्व हक्कदारांची नावे त्यातच यावी लागतात. मृत्यूच्या दिनांकापासून दोन वर्षांची मुदत आहे. ठेकेदाराने उघडा टाकलेला खड्डा, कोसळलेली धोक्याची भिंत, अशा ज्या घटनांसाठी निराळा कायदा नाही, त्यांच्याकरिता हा जुना अधिनियमच उपयोगी पडतो.

मोटार अपघात

रस्त्यावरील अपघातासाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. कलम १६६ चा अर्ज अपघात जेथे घडला तेथेच करावा असे नाही. वारस जेथे राहतात त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडेही तो करता येतो. नाशिकच्या माणसाला सोलापुरात अपघात झाला म्हणून त्याच्या विधवेने सोलापूरला खेपा घालण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून या अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली आहे. ती उलटली असेल तरी हक्क गेलाच असे परस्पर ठरवून न बसता वकिलाचा सल्ला घ्यावा.

भरपाईची रक्कम कशी ठरते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तडजोडीच्या वेळी फसगत होते ती याच अज्ञानामुळे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा व २०१७ मधील प्रणय सेठी या निकालांत गणिताची रीत घालून दिली आहे. समजा, ३४ वर्षे वयाचा, स्वतंत्र व्यवसाय करणारा एक सुतार महिन्याला १२,००० रुपये मिळवीत होता व मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहे. पुढे उत्पन्न वाढले असते म्हणून त्यात ४० टक्के मिळवावयाचे, १६,८०० होतात. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२०० झाले. या वयाला गुणक १६ आहे; म्हणजे २४,१९,२०० रुपये. अंत्यविधीचा खर्च व सहवासाची हानी यांबद्दलच्या रकमा यावर आणखी मिळतात. गृहिणी कमावत नव्हती, सबब तिच्या मृत्यूने आर्थिक हानी नाही, हा युक्तिवादही न्यायालयांनी मान्य केलेला नाही. तिच्या घरकामाचे मोल धरले जाते.

चूक कोणाची हे सिद्ध करणे कठीण असेल, तर कलम १६४ खाली दोष न दाखविता ५ लाख रुपये मागता येतात. मात्र विमा कंपनीने पुढे केलेली ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातील कुटुंबाने हा सौदा करण्यापूर्वी दोनदा विचार केला पाहिजे. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर २ लाख रुपयांची योजना आहे. त्यासाठी अपघात घडला त्या तालुक्याच्या तहसीलदाराकडे अथवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

वीज आणि रेल्वे

पावसाळ्यात तुटून पडलेल्या तारेने माणूस गेला, तर वीज मंडळाचा दोष वारसांनी दाखविला पाहिजे असे नाही. मध्य प्रदेशातील अशाच एका प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, असा धोकादायक व्यवसाय करणारी संस्था निष्काळजी नसली तरी जबाबदार असते. अर्थात तार पडल्याचा पुरावा हवा. म्हणून तार उचलली जाण्यापूर्वी पंचनामा व छायाचित्रे होणे आणि विद्युत निरीक्षकास वर्दी जाणे अगत्याचे आहे. येथे सरपंच व पोलीस पाटील यांची तत्परता फार मोलाची ठरते.

चालत्या गाडीतून पडून प्रवासी दगावल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून ८ लाख रुपये मिळू शकतात. मुदत एक वर्षाची. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे २०१८ मध्ये ठरले आहे. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू मात्र या तरतुदीत बसत नाही.

रुग्णालयातील हयगयीबद्दल वारसांना ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. उपचाराचे कागद मात्र सुरुवातीलाच मागून घ्यावेत.

कागद आणि तडजोड

प्रथम खबर, घटनास्थळाचा व मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा, एवढ्यावर बहुतेक दावे उभे राहतात. दुःखाच्या भरात शवविच्छेदन नको असे म्हणणारे कुटुंब स्वतःच आपला दावा लंगडा करते. तसेच, दहाव्याच्या आत वाहनमालकाचा माणूस पन्नास हजार रुपये व मुद्रांक कागद घेऊन येतो आणि गावातील वडीलधारी मंडळी 'मिटवून टाका' म्हणतात. अशा कागदावर सही करण्याचा आग्रह पंचायत सदस्यांनी धरू नये. त्यात अज्ञान मुलांचाही हिस्सा असतो.

वकिलाची फी परवडत नाही ही अडचण खरी, पण अपरिहार्य नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, मुले, तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अथवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. अर्जदारास लिहिता येत नसल्यास तिचे म्हणणे तेथे लिहून घेतले जाते.