भाऊ-बहीण म्हातारे झाले, तरी नाते म्हातारे होऊ देऊ नका



मानोरा आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही बीपी तपासायला बसतो, तेव्हा वयस्कर माणसांना दोन प्रश्न हमखास विचारतो. भावंडे किती? शेवटचे बोलणे कधी झाले? पहिल्याचे उत्तर लगेच येते, दुसऱ्याला बरेच जण गप्प होतात. बहीण दिग्रसकडे दिलेली, भाऊ पुण्याला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. मायबाप होते तोवर येणे-जाणे होते. ते गेले आणि वाट मोडली.

खरे तर आयुष्यात सर्वांत लांब चालणारे नाते हेच. कुडाच्या घरातले दिवस, मायची मजुरी, शाळेतला अपमान, पहिल्यांदा लावलेला निळा झेंडा, हे सारे आपल्यासोबत पाहिलेले माणूस म्हणजे आपले भावंड.

बाबासाहेब हे रामजी-भीमाबाईंचे चौदावे अपत्य. आई लवकर वारली, तेव्हा रामजींची बहीण मीराबाई यांनी भावाची लेकरे सांभाळली. महामायेच्या मागे सिद्धार्थाला वाढवले तेही तिची बहीण महाप्रजापती गौतमीने. भावंडाच्या मायेने काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता आरोग्याचे. एकटेपणाने हृदयविकार, लकवा, उदासीनता आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या प्रश्नावर स्वतंत्र आयोगच नेमला. स्मृतिभ्रंशात माणूस सकाळचे जेवण आधी विसरतो, लहानपणीचे बरेच दिवस टिकते. जुन्या गोष्टी काढल्याने आजार बरा होत नाही, पण माणूस बोलता होतो, मन शांत होते.

आम्ही घरोघरी सांगतो ते असे :

१) आठवड्यातला एक वार ठरवून भावंडाला फोन करा. काम असेल तेव्हाच फोन, ही सवय सोडा.

२) भेटायला जा. एस.टी.त ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला आणि सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. ओळखपत्र जवळ ठेवा.

३) दोघे भेटले की नातवंडांना वही घेऊन बसवा. जुने फोटो काढा, कोण कोण आहे ते मागे लिहा.

४) एकमेकांचे आजार विचारा. सख्ख्या भावंडाला शुगर किंवा बीपी असेल तर आपल्यालाही धोका जास्त. एकाला सिकलसेल निघाला तर बाकीच्यांनीही रक्त तपासावे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

बोलणे तुटते ते बहुतेक वेळा जमिनीवरून. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली तरच तिला माहेर, ही माया नव्हे, हा सौदा झाला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि हा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. हिंदू कोड बिल अडवले गेले, हे बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडण्यामागचे एक मोठे कारण होते. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात बहिणीने वाटा मागितला म्हणून अबोला धरणे शोभत नाही. वाटा कागदावर नीट करा आणि बोलणे चालू ठेवा.

आणखी एक. भाऊ वारला की लोक वहिनीला भेटतात, लेकरांना धीर देतात. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या बहिणीला कोणी विचारत नाही. तिचेही दुःख मोठे आहे. तिला भावाविषयी बोलू द्या, “आता विसर” म्हणू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण तुटले, कशातच मन लागत नाही, असे दिसले तर ते ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘जगून काय करू’ असे बोलू लागली तर एक दिवसही थांबू नका, तिला एकटी ठेवू नका. टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकांवर मोफत बोलता येते.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणार असाल, तर वेगवेगळ्या गावच्या भावंडांनी आधीच ठरवून एकत्र जा. आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याला पहिला फोन आपण करा.