कुर्बानीचे कातडे : हुकूम आणि हाताळणी



ईदुल अजहा जवळ आली की जनावराचे वय, दात आणि निर्दोषता यांविषयी आपण आवर्जून विचारणा करतो. मांसाचे तीन वाटे कसे करावेत, हेही विचारतो. कातड्याविषयी मात्र कोणी फारसे विचारत नाही. पूर्वी त्याची गरजही भासत नसे. मदरशाची माणसे दारावर येत आणि कातडे घेऊन जात. गेल्या काही वर्षांत कच्च्या कातड्याचे भाव इतके घसरले की अनेक ठिकाणी ते नेण्याचा खर्चही निघत नाही. परिणामी ईदच्या दुसऱ्या दिवशी गटाराकाठी व कचराकुंडीपाशी कातडी सडताना दिसतात. अल्लाहच्या नावाने जिबह केलेल्या जनावराचा हा भाग, आणि त्याच्या दुर्गंधीने शेजाऱ्याला नाक दाबावे लागावे, हे आपल्याला शोभणारे आहे काय?

कातडे ही नेमत आहे

सूरह नहलमध्ये (१६:८०) अल्लाहने आपल्या देणग्यांची गणना करताना जनावरांच्या कातड्यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. प्रवासात व मुक्कामात हलके वाटणारे तंबू त्यांपासून होतात, याची आठवण तेथे करून दिली आहे. म्हणजे कातडे हा मांसावरचा टाकाऊ वेष्टनभाग नव्हे, ती स्वतंत्र नेमत आहे.

हदीसमध्ये ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. हजरत मैमूना (र.) यांच्या मुक्त केलेल्या दासीला सदक्यात एक शेळी मिळाली होती. ती मेली आणि टाकून देण्यात आली. प्रेषित मुहम्मद (स.) तेथून जात असता त्यांनी विचारले, की हिचे कातडे काढून, कमावून तुम्ही उपयोगात का आणले नाही? लोक म्हणाले, ही तर मुर्दार आहे. तेव्हा निषिद्ध आहे ते तिचे खाणे, असा खुलासा प्रेषितांनी (स.) केला. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. मेलेल्या शेळीच्या कातड्याविषयी ही काळजी असेल, तर कुर्बानीच्या कातड्याविषयी किती असावी!

प्रेषितांच्या (स.) घरातही हा पाठ आचरला जात होता. हजरत सौदा (र.) सांगतात की, त्यांच्या मेलेल्या शेळीचे कातडे कमावून त्याची मसक केली आणि ती जीर्ण होईपर्यंत वापरली. अबू दाऊद व नसाई यांच्या संग्रहांतील हदीसमध्ये कातडे पाक करणाऱ्या वस्तू म्हणून पाणी आणि ‘करज’ यांची नावे येतात. करज म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाची तुरट पाने व शेंगा. आपल्याकडे बाभळीच्या सालीने कातडे कमावतात. दोन्हींचे तत्त्व एकच आहे.

आवश्यक मसले

१. हलाल जनावर शरीअतनुसार जिबह केले असेल तर त्याचे कातडे कमावण्यापूर्वीही पाक असते. लागलेले रक्त धुतले म्हणजे पुरे. त्यामुळे कुर्बानीचे कातडे कमावणे हे पाक करण्यासाठी नव्हे, टिकवण्यासाठी आहे. आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे मात्र कमावल्यानेच पाक होते. डुकराचे कातडे कोणत्याही उपायाने पाक होत नाही.

२. हनफी मतानुसार उन्हात अथवा मातीत वाळवून ओल व दुर्गंधी गेली तरी कातडे कमावल्याचा हुकूम लागतो. शाफई मतानुसार त्यासाठी तुरट अथवा तीव्र पदार्थ आवश्यक आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई असल्याने त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

३. कुर्बानी करणाऱ्याने कातडे स्वतः वापरावे (जानमाज, बैठक, पिशवी) अथवा सदका करावे. कुर्बानी नवसाची असेल, तर तिचे मांस व कातडे दोन्ही गरिबांचे.

४. शाफई मतानुसार कातडे विकणे जायज नाही. हनफी मतानुसार पैशांत विकले, तर ती रक्कम जकातीस पात्र असलेल्या व्यक्तीला देणे वाजिब होते. ती स्वतःसाठी खर्चता येत नाही, मस्जिदीच्या बांधकामालाही लावता येत नाही.

५. कातडे मजुरी म्हणून देऊ नये. हज्जतुल विदाच्या वेळी १०० उंटांची कुर्बानी झाली. मांस, कातडी व झुली वाटून टाकण्याची आणि कसायाची मजुरी त्यांतून न देण्याची आज्ञा हजरत अली (र.) यांना झाली होती, मजुरी वेगळी दिली गेली. हाच नियम इमाम व मुअज्जिन यांच्या पगारालाही लागू आहे. मी स्वतः इमाम असल्याने हे स्पष्टपणे लिहितो : आमचे वेतन ही जमातीची जबाबदारी आहे, तिचा भार कुर्बानीच्या कातड्यावर टाकू नये.

घरी कमावण्याची रीत

मराठीत या कामाला ‘कमावणे’ म्हणतात, आणि ते खरोखर कष्टाने कमावावे लागते. बकऱ्याच्या एका कातड्यासाठी केसांसह कमावण्याची सोपी रीत अशी :

जिबह झाल्यावर कातडे सुरीपेक्षा मुठीने सोडवावे, म्हणजे छिद्रे पडत नाहीत. रक्त धुऊन, निथळवून, दोन-तीन तासांच्या आत आतील बाजूस सुमारे दोन किलो जाडे मीठ चोळावे; कडा व मान सोडू नयेत. सावलीत उतरत्या फळीवर दोन दिवस ठेवावे. मीठ लावण्यास उशीर झाला तर केस मुळातून सुटू लागतात, आणि मग कोणताही उपाय चालत नाही.

नंतर साध्या पाण्यात भिजवून मऊ करावे. बोथट सुरीने आतील मांस, चरबी व पातळ पापुद्रा खरवडावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सारे यश त्यावरच अवलंबून आहे. मग साबणाने अथवा रिठ्याने धुवावे.

प्लास्टिकच्या टबात आठ लिटर पाणी घेऊन त्यात एक किलो तुरटी व अर्धा किलो मीठ विरघळवावे. तुरटी आधी गरम पाण्यात विरघळवून थंड करावी. कातडे त्यात चार-पाच दिवस बुडवून ठेवावे व रोज दोनदा हलवावे. काठाचा बारीक तुकडा कापून पाहावा. आतपर्यंत एकसारखा पांढरा दिसला की काम झाले. मग हलके धुऊन, पिळून, फळीवर ताणून सावलीत वाळवावे. अर्धवट ओले असतानाच आतून थोडे तेल चोळावे आणि लाकडाच्या गोल काठावर पुन्हा पुन्हा ओढावे. हे ओढणे टाळले तर कातडे पत्र्यासारखे ताठ होते.

तुरटीने कमावलेले कातडे पाण्यात भिजवू नये. तुरटी निघून जाते व ते पुन्हा कडक होते. जानमाजसाठी ते उत्तम, पाण्याच्या पिशवीसाठी नव्हे. पाण्यात टिकणारे चामडे हवे असेल तर बाभळीच्या सालीचा काढा वापरावा. त्याला कित्येक आठवडे लागतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

रोगाने अथवा अज्ञात कारणाने मेलेल्या जनावराचे कातडे घरी काढू नये. काळपुळीसारखा रोग कातड्यावाटे माणसाला होतो व तो जीवघेणा ठरू शकतो. मैमूना (र.) यांच्या हदीसने परवानगी मिळते, सक्ती होत नाही, आणि जीव जपणे हाही शरीअतचाच हुकूम आहे.

दुसरे, मिठाचे व तुरटीचे पाणी विहिरीजवळ, शेतात अथवा शेजाऱ्याच्या दारावरून जाणाऱ्या नालीत सोडू नये. सोसायटीत राहणाऱ्यांना जागा नसेल तर त्यांनी हा खटाटोप करू नये. कातडे लगेच मीठ लावून ठेवावे आणि ईदपूर्वीच मदरशाशी बोलून ते कोण, केव्हा नेणार हे ठरवावे. मीठ लावलेले कातडे घेणाऱ्याच्या खरोखर उपयोगी पडते. सडलेले कातडे देणे म्हणजे सदका करणे नव्हे, आपले ओझे दुसऱ्यावर टाकणे होय.

सूरह हजमध्ये (२२:३७) सांगितले आहे की, अल्लाहपर्यंत जनावराचे मांस वा रक्त पोहोचत नाही, पोहोचतो तो आपला तकवा. हा तकवा सुरी फिरवण्याच्या क्षणापुरता नसतो. मांस वाटून झाल्यावर, अंगण धुऊन झाल्यावर, कोपऱ्यात पडलेल्या त्या कातड्याचे आपण काय करतो, यातही तो दिसतो. येत्या ईदला खरेदीच्या यादीत दोन किलो जाडे मीठ अवश्य लिहावे. अल्लाह आपल्या कुर्बान्या कबूल करो आणि त्याच्या नेमतींची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.