साहेब राजीनाम्यासाठी मागे लागलेत, काय करू?

प्रश्न : मी पुण्यात खासगी कंपनीत लेखा विभागात आहे. साहेब सर्वांसमोर पाणउतारा करतात, आता ‘राजीनामा दे’ म्हणून मागे लागलेत. कायद्याचा आधार आहे का?

उत्तर : ताई, आधी एक करा : दडपणाखाली राजीनाम्यावर सही करू नका. तो जबरदस्तीने घेतला, हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं.

अशा छळासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. कामावरून वरिष्ठांनी नुसतं रागावणं हा फौजदारी गुन्हा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आहे. पण इजा करण्याची किंवा बदनामीची धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. कर्मचारी दहापेक्षा कमी असल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

आजपासूनच वहीत टिपून ठेवा : तारीख, वेळ, साहेबांचे नेमके शब्द, तिथे कोण हजर होतं. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका. मग एचआरला ईमेलने तक्रार करा आणि प्रत घरच्या ईमेलवर ठेवा. उत्तर आलं नाही, तर हीच कागदपत्रं घेऊन कामगार कायद्याच्या वकिलांना भेटा. अपमान सोसणं हा नोकरीचा भाग नाही, हे पक्कं धरा.