राजाविना नाणी

पुणे

चि. निनाद,

लंडनच्या लिलावात इंग्लंडात राजा नसतानाच्या, क्रॉमवेलच्या काळातलं सोन्याचं नाणं घ्यायचं, आणि घ्यायचं तर थेट युनाइटच, असं तू लिहितोस. हौस कळली. पण माझं ऐकशील तर सुरुवात क्राउनने कर. युनाइट २० शिलिंगांचं, सुमारे ९.१ ग्रॅमचं, क्राउन ५ शिलिंगांचं, जेमतेम सव्वादोन ग्रॅमचं. सोनं तेच २२ कॅरट, चित्रंही तीच. शिकायला तेवढं पुरतं आणि खिशालाही झेपतं.

या नाण्यांची खरी गंमत त्यांच्यावरच्या मजकुरात आहे. जानेवारी १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि टॉवर ऑफ लंडनमधल्या टांकसाळीपुढे पेच पडला : आता मुखवटा कोणाचा छापायचा? त्यांनी कोणाचाच छापला नाही. राजा गेला, त्याच्याबरोबर लॅटिनही गेली. एका बाजूला सेंट जॉर्जच्या क्रॉसची ढाल आणि साध्या इंग्रजीत ‘द कॉमनवेल्थ ऑफ इंग्लंड’. दुसरीकडे इंग्लंड-आयर्लंडच्या जोडढाली आणि ‘गॉड विथ अस’. टवाळ लोक म्हणायचे, देव एका बाजूला आणि कॉमनवेल्थ दुसऱ्या! जोडढालींना तर त्यांनी तुमानच ठरवलं. इतकी बोलकी नाणी मला तरी दुसरी ठाऊक नाहीत.

क्रॉमवेलचा मुखवटा असलेलं १६५६ चं ‘ब्रॉड’ कोणी याच मालिकेत खपवू लागला तर सावध हो. ते यंत्रावर पाडलेलं आहे, ठसा टॉमस सायमनचा, आणि त्यावर लॅटिन परत आली आहे. तुला हवं ते हातोड्याने ठोकलेलं. त्यावर टांकसाळीची खूण सूर्याची असते. १६५८ पासून जहाजाच्या नांगराची. नांगरवालं फारच कमी मिळतं, त्यामुळे भावही तसाच. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ही नाणी परत मागवली, बरीचशी वितळली, म्हणून आज टंचाई.

ठसा थोडा सरकलेला, एखादं अक्षर पुसट, हे ठोकीव नाण्यात चालायचंच. त्यावरून नाक मुरडू नकोस. कड मात्र भिंगाखाली फिरवून पाहा. कातरलेली आहे का, दागिन्यात बसवल्याचा डाग आहे का, भोक पाडून बुजवलंय का. वजन कमी भरलं तर विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. शिवरायांच्या होनाच्या नावाखाली आपल्याकडे काय काय विकलं जातं ते तू पाहिलंच आहेस. नाणं आधी कोणाच्या संग्रहात होतं याची जुनी चिठ्ठी मिळाली तर चार पैसे जास्त दे, आणि ती चिठ्ठी जपून ठेव. चकाकीला मात्र एक पैसाही जास्त देऊ नकोस. घासून चमकवलेलं नाणं मी फुकटही घेणार नाही.

बोली लावण्याआधी लिलावगृहाचं कमिशन धरून हिशेब कर. आणि त्याहीआधी ब्रिटिश म्युझियममधली या काळातली नाणी नीट बघून ये. मग वजन, साल आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. माझं उत्तर येईपर्यंत पैसे भरू नकोस.

तुझा,
काका