पॅनेलमधली रिकामी जागा

मार्च २०२० मध्ये अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात अकरा कंट्रोल पॅनेलं उभी होती. पावडर कोटिंग झालेलं, वायरिंग झालेलं, प्रत्येक वायरीला नंबराचं फेरूल चढवलेलं. फक्त वरच्या डीन रेलवर डाव्या कोपऱ्यात चार बोटं जागा रिकामी. तिथे २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॅनेलला वीज पुरवणारा छोटा डबा, बसायचा होता. आठशे रुपयांची वस्तू. पण तिच्यावाचून साडेतीन लाखांचं पॅनेल म्हणजे पत्र्याचं कपाट.

मी काही आयातदार नाही. पत्रा इथलाच, माल मुंबईच्या लोहार चाळीतून, गिऱ्हाईक बदलापूरच्या केमिकल कंपन्या. त्यामुळे २३ जानेवारीला वुहान बंद झालं ते मी शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं टीव्हीवर ऐकलं. दोन दिवसांनी चिनी नववर्ष होतं. त्या सुट्टीनंतर तिकडचे कितीतरी कारखाने वेळेवर उघडलेच नाहीत. लोहार चाळीतला आमचा व्यापारी फोनवर म्हणायचा, "शेठ, माल रस्त्यात आहे." रस्त्यात म्हणजे नेमका कुठे, हे मी विचारलं नाही. पंधरा वर्षांच्या व्यवहारात हा प्रश्नच कधी पडला नव्हता. नंतर कळलं, तो नोव्हेंबरचा साठा पुरवून पुरवून विकत होता आणि फेब्रुवारीचा माल चीनमधून निघालाच नव्हता. मग २२ मार्चच्या रात्री लोकल थांबल्या, २५ पासून सगळा देश. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारा माझा मित्र सांगत होता, त्याच्याकडे कापड होतं, कारागीर होते, तेव्हा चेन नव्हती. दिल्लीहून चेनचं पोतं आलं तोवर कारागीर गावी निघून गेले होते.

म्हणून आता मी व्यापाऱ्याला भाव विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारतो: हे बनतं कुठे, आणि आज गोदामात किती नग आहेत. पहिल्यांदा तो चिडतो, मग सांगतो. तुमच्याही मालाची यादी घेऊन बसा. महागड्या वस्तू सोडा, त्यांच्याकडे तुमचं लक्ष असतंच. स्वस्त आणि जिच्यावाचून गाडा अडेल, अशी वस्तू शोधा. माझ्या यादीत अशा सहा निघाल्या. त्या सहांचाच तीन महिन्यांचा साठा ठेवतो. सगळ्याचा ठेवला तर कॅश क्रेडिटचं व्याजच खाऊन टाकेल.

तेव्हा दुसऱ्या मेकचा एसएमपीएस अंबरनाथमध्येच एकाकडे मिळत होता, पण दोन सेंटिमीटर जास्त रुंद. रेलवर बसेना, आणि गिऱ्हाइकाच्या मंजूर ड्रॉइंगमध्ये एकाच मेकचं नाव. त्यांचे इंजिनिअर घरी, सही कोण करणार? आता ड्रॉइंग मंजुरीला पाठवतानाच प्रत्येक वस्तूचे दोन मेक लिहितो आणि जागा मोठ्या मेकप्रमाणे सोडतो. पत्रा थोडा जास्त जातो, जाऊ दे.

परचेस ऑर्डर मात्र नीट वाचा. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने १९ फेब्रुवारी २०२० लाच कळवलं होतं की कोरोनामुळे चीनकडून होणारा पुरवठा खंडित झाल्यास ती नैसर्गिक आपत्ती समजता येईल. पण ते सरकारी खरेदीपुरतं. माझ्या खाजगी ऑर्डरमध्ये आपत्तीचं कलमच नव्हतं. होता तो आठवड्याला अर्धा टक्का दंड. तो पाच टक्क्यांपर्यंत पोचला आणि कापला गेला.

दंडाचं दुःख नाही. मी चार वेळा "पुढच्या आठवड्यात देतो" म्हटलं, ते महागात पडलं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं हे कबूल करायला लाज वाटली. त्या कंपनीची पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी गिऱ्हाइकाला लेखी कळवा; शिव्या खा, पण कळवा.

आणि घाबरून माल भरू नका, हे मी माझ्याच रॅककडे बघून सांगतो. २०२१ मध्ये कंटेनरच मिळेनात. महामारीआधी ४० फुटी कंटेनरचं जागतिक सरासरी भाडं दीड हजार डॉलरच्या आसपास होतं, ते सप्टेंबरमध्ये दहा हजारांच्या वर गेलं. चिपही मिळेनात, त्यामुळे पीएलसीला, म्हणजे पॅनेलच्या मेंदूला, वर्षावर्षाचा वायदा. त्याआधी एप्रिलमध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला, तेव्हा आमच्या पत्र्याचं लेझर कटिंगही थांबलं होतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण इथला पत्राही अडू शकतो हे कळून धीरच सुटला. मी दामदुप्पट देऊन चौदा पीएलसी उचलले. पाच वापरले. मग पुरवठा सुरळीत झाला, भाव उतरले, गिऱ्हाइकं नवं मॉडेल मागू लागली. वॉरंटी तर खरेदीच्या तारखेपासूनच चालू झाली होती. खोका न फोडताच ती संपली.

नऊ खोके अजून रॅकवर आहेत. दसऱ्याला मशीनना झेंडू वाहताना आमचा वायरमन एक फूल त्यांच्यावरही टाकतो आणि माझ्याकडे न बघता पुढे जातो.