पूर्ण एक मिनिट

आजारी पडल्यावर तुम्ही दवाखान्यात जाता. तेथे सर्वांत आधी तुम्हांला कोण भेटते? डॉक्टर आतल्या खोलीत असतात. बाहेर टेबलाशी एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा बसलेला असतो. तो तुमचे नाव विचारतो, वजन करतो, ताप पाहतो, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतो. मग केसपेपरवर तीन-चार आकडे लिहून तो तुम्हांला आत पाठवतो. आपले लक्ष आतल्या दाराकडे असते. या माणसाकडे आपण नीट पाहतही नाही. डॉक्टर मात्र आपला चेहरा पाहिल्याबरोबर त्या आकड्यांकडे पाहतात.

याला कोणी कंपाउंडर म्हणतात, कोणी वॉर्डबॉय, कोणी मावशी. काहीजण सरळ ‘सिस्टर’ अशी हाक मारतात, पण सिस्टर म्हणजे परिचारिका. तिचे शिक्षण वेगळे आणि मोठे असते. आपण या पाठात ‘रुग्णसहायक’ हा शब्द वापरू. रुग्ण म्हणजे मरीज. रुग्णाची शुश्रूषा म्हणजे आपल्या उर्दूतली तीमारदारी. ‘शुश्रूषा’ हा शब्द लिहायला कठीण आहे खरा. पण घाबरू नका. या विषयातले अर्धे मराठी शब्द तुमच्या घरचेच आहेत. दवाखाना, जखम, मलम, इलाज, तब्येत हे सगळे शब्द उर्दू आणि मराठी अशा दोन्ही घरांत राहतात. काहींनी मराठीत येताना कपडे थोडे बदलले, एवढेच. मरहमचे मलम झाले आणि तबीयतची तब्येत झाली.

खांदेश्वर स्टेशनकडून आपल्या खांदा कॉलनीत येताना वाटेतल्या पाट्या वाचा. इमारतींच्या तळमजल्यावर, किराणा आणि मोबाईलच्या दुकानांशेजारी दवाखान्यांच्या, लॅबच्या आणि औषधांच्या दुकानांच्या पाट्या दिसतील. जेथे डॉक्टर आहे तेथे हाताखाली माणूस लागतोच. दहावी-बारावी झालेल्या अनेक मुलामुलींना हे काम मिळते. ते दिसायला सोपे आहे. खरोखर सोपे आहे का, ते आपण करूनच पाहू.

शेजारी बसलेल्या मित्राचा हात हातात घ्या. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तुमची तर्जनी आणि मधले बोट ठेवा. ठोके लागतील. उर्दूत आपण जिला नब्ज म्हणतो, तीच मराठीतली नाडी. नाडी अंगठ्याने पाहायची नाही, कारण अंगठ्याचे स्वतःचे ठोके जाणवतात आणि आपण मित्राऐवजी स्वतःचीच नाडी मोजत बसतो! शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते.

आता त्याचे श्वास मोजा. छाती वर आली आणि खाली गेली की एक श्वास झाला. पण ‘मी तुझे श्वास मोजतो’ असे त्याला सांगितले की तो वेगळ्याच तऱ्हेने श्वास घेऊ लागेल. काही मुले तर हसूच लागतात. म्हणून शिकलेला रुग्णसहायक एक युक्ती करतो. नाडी मोजून झाली तरी तो मनगट सोडत नाही. रुग्णाला वाटते, नाडीच चालली आहे. तेवढ्यात तो छातीकडे पाहून श्वास मोजून घेतो.

घाई असली की काहीजण पंधरा सेकंदच मोजतात आणि चारने गुणतात. यात काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. एक गणित करा. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाले, तर ती धोक्याची खूण मानतात. पंधरा सेकंदांत १५ श्वास झाले, तर १५ चोक ६०. बाळाला लगेच दवाखान्यात न्यायला हवे. पण मोजताना एकच श्वास नजरेतून निसटला, तर १४ चोक ५६, म्हणजे बाळ ठीक! एका श्वासाची चूक चौपट झाली. शिवाय लहान बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. ते मध्येच थांबते, मध्येच भरभर श्वास घेते. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजायचे. आकडा ६० किंवा जास्त आला, तर पुन्हा एक मिनिट मोजायचे.

हे काम कोणाला शिकवता येते? पूर्वी पुष्कळ लोक म्हणत, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना हे कसे जमणार? याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळाले. पण पनवेलपासून फार दूर, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे पतिपत्नी १९८६ मध्ये गडचिरोलीत काम करू लागले. त्यांच्या संस्थेचे नाव ‘सर्च’. जिल्ह्यात जंगल फार, रस्ते थोडे. लहान मुले न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखण्याची एक साधी खूण म्हणजे भरभर चालणारा श्वास. तो मोजणार कोण? गावात डॉक्टर नव्हता, दाई होती. पण दाईला शाळा माहीत नव्हती. तिला मोजता येई, ते दहा-बारापर्यंत.

मग त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधन बनवले. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी होती आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ अगदी लहान बाळांसाठी आणि दुसरी त्यांच्याहून मोठ्या मुलांसाठी. घडी उलटायची आणि श्वास मोजायला लागायचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवण्याची वेळ आली, तर मुलाचा श्वास फार जोरात चालला आहे. बघा, दाईला साठपर्यंत मोजता येत नाही म्हणून त्यांनी तिला कामातून काढले नाही. तिला दहापर्यंत येते ना, मग दहावरच सारे बसवले. मी स्वतः शिक्षक आहे. मला या साधनाचे कौतुक वाटते ते यासाठी.

यानंतर आणखी अवघड काम होते. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९५ पासून ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे काम सुरू झाले. त्यासाठी गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया निवडल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळाले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, बाळाला उबदार ठेवणे, आईला दूध पाजण्यात मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे, इतके सारे त्या शिकल्या. शिकवून झाले म्हणून त्यांना सोडून दिले नाही. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन त्यांच्या नोंदी तपासत आणि चुका दाखवत. १९९८ पर्यंत त्या गावांतले ६२ मृत्यू सुमारे २५ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले.

गडचिरोलीची ही पद्धत आता तुमच्या दारातही येते. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी अशाच भेटी देऊ लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मले असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तुमच्या घरी लहान भाऊ किंवा बहीण असेल, तर अम्मीला विचारा. ती आल्यावर आधी काय करते, तेही पाहा. बांगड्या आणि घड्याळ काढून ती साबणाने हात धुते आणि हात वर धरून हवेतच वाळू देते. टॉवेल कितीही स्वच्छ दिसला, तरी त्याला हात पुसत नाही. घरातल्यांना कधी कधी याचा राग येतो. आमचा टॉवेल काय घाण आहे? तसे नसते, शिकलेल्या हाताची ती सवय असते.

दवाखान्यातल्या कामात आकड्यांशिवाय आणखीही पुष्कळ आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाही तर एकाच जागी दाब पडून पाठीला आणि कंबरेला जखमा होतात, आणि त्या भरायला महिने लागतात. औषध देण्याआधी नाव विचारावे लागते. ‘तुम्ही यूसुफभाई ना?’ असे विचारायचे नाही. ग्लानीत असलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही मान डोलावतो. ‘तुमचे नाव काय?’ असे विचारायचे आणि त्याच्या तोंडून नाव ऐकायचे.

आणि येथे तुमचे मराठी कामाला येते. आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी आता एका दवाखान्यात मदतनीस आहे. तिने सांगितलेला प्रसंग ऐका. जवळच्या गावातल्या एक आजी आल्या आणि म्हणाल्या, “पोटात कळ येते गं.” नव्या मुलाने ऐकले ‘कल’. त्याला वाटले, आजी उद्या येणार आहेत! त्याने त्यांना उद्याचा नंबर दिला. त्या बिचाऱ्या पोट धरून बाकावर बसून राहिल्या. ही मुलगी तेथे होती म्हणून बरे. कळ म्हणजे रुक रुक कर उठनेवाला दर्द. असे आणखी शब्द आहेत. धाप लागणे म्हणजे साँस फूलना. भोवळ येणे म्हणजे चक्कर. मळमळणे म्हणजे जी मितलाना. धाप आणि भोवळ यांत गोंधळ झाला, तर डॉक्टरांपर्यंत भलतीच तक्रार पोहोचेल.

तुमच्यापैकी कोणाला हे काम शिकायचे असेल, तर रुग्णसहायकाचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम असतात. त्यांना ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ असेही नाव आहे. बारावीनंतर परिचारिकेचे शिक्षण घेता येते. त्याला दोन ते चार वर्षे लागतात. पण फी भरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : रुग्णालयात प्रत्यक्ष काम किती दिवस करायला मिळेल? काही क्लास फळ्यावर आकृत्या काढतात आणि प्रमाणपत्र देतात. फळ्यावरच्या हाताला नाडी नसते. चांगल्या वर्गात मुले आधी पुतळ्यावर, मग एकमेकांवर आणि नंतर शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर काम करतात. रक्तदाब घेण्याआधी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवायचे, त्याचे पाय जमिनीवर टेकवायचे, पट्टा बाहीवरून बांधायचा नाही, मोजताना त्याच्याशी बोलायचे नाही, हे सारे पंचवीस-तीस वेळा केल्यावर हाताला येते. तेथे आणखी एक नियम शिकवतात. जे मोजले नाही, ते लिहायचे नाही. कालचा आकडा पाहून आजचा आकडा लिहिला, तर कागद सुंदर दिसतो. पण रात्री चढलेला ताप त्या कागदावर येत नाही, आणि डॉक्टर त्या कागदावर विसंबून पुढच्या खाटेकडे जातात.

स्वाध्याय

१. श्वास मोजताना रुग्णाला आधी का सांगत नाहीत?
२. गडचिरोलीतील दाईसाठी बनवलेल्या साधनाचे वर्णन चार-पाच वाक्यांत करा.
३. पंधरा सेकंदांत १३ श्वास मोजले. प्रत्यक्षात १५ होते. मिनिटाच्या आकड्यात किती फरक पडेल?
४. वाक्यांत उपयोग करा : धाप लागणे, भोवळ येणे, अंथरुणाला खिळणे, विसंबून राहणे.
५. उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना विचारून आजारपणाविषयीचे दहा मराठी शब्द गोळा करा आणि त्यांच्यासमोर उर्दू शब्द लिहा. दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द अधोरेखित करा.